रोजच्या स्पोर्ट्स कारला कार्बन सिरॅमिक ब्रेक परवडतात का? मदत हवी आहे

मंडळी, वापरलेली पोर्शे ९११ घ्यायचं जवळपास ठरलंय. दोन गाड्या डोळ्यासमोर आहेत. एकीला साध्या लोखंडी डिस्क (चाकासोबत फिरणारी ब्रेकची तबकडी), दुसरीला पिवळ्या कॅलिपरवाले (डिस्कला दोन्हीकडून दाबणारा भाग) कार्बन सिरॅमिक, म्हणजे कार्बनचे तंतू घातलेल्या सिरॅमिकच्या डिस्क. गाडी रोज ऑफिसला जाणार. रेस ट्रॅकवर गेलीच तर कोणी ओढून नेलं म्हणून.

फायदे माहीत आहेत. डिस्कचं वजन साधारण निम्मं, आणि ते नेमकं चाकापाशी कमी होतं. गंज नाही, ब्रेकची काळी धूळही नावापुरतीच. (खरं सांगू? रिम घासायचा कंटाळा हेच माझं सगळ्यात मोठं कारण.)

घोडं अडलंय ते पुढे. डिस्क थंड किंवा ओल्या असताना पहिला ब्रेक जरा उशिरा पकडतो म्हणतात. रोज चालवणाऱ्यांना हे खरंच जाणवतं, की सवय होते? सिग्नलला थांबताना किंचाळतात का?

आणि जुन्या डिस्क तपासायच्या कशा? त्यांची झीज नुसत्या जाडीवरून कळत नाही, वजनावरूनही बघावी लागते. किमान वजन डिस्कवरच लिहिलेलं असतं. पण विकणारा चाकं उतरवून डिस्क काट्यावर ठेवू देईल का? आधीच्या मालकाने ट्रॅकवर फार तापवल्या असतील तर आतले कार्बनचे तंतू जळतात, ते नुसत्या नजरेला दिसतं का?

चाक काढताना कडेचा टवका उडाला तर अख्खी डिस्क बदलावी लागू शकते, त्याचीही धास्ती आहेच. कोणी सिरॅमिक काढून ठेवून लोखंडी बसवल्यात का? अनुभव असेल तर सविस्तर लिहा.