सहाव्या फेरीला ब्रेक पेडल थेट खाली गेलं, आता टर्बो आधी की ब्रेक आधी?

उघडं_छत:

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९९२ सालची माझदा एमएक्स-५ आहे, पहिल्या पिढीची, १.६ लिटर इंजिनाची. घेऊन तीन वर्षं झाली. रोजच्या वापराची नाही, सुट्टीच्या दिवशी हात काळे करायला आणि मनसोक्त चालवायला ठेवली आहे. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, पुढचे बुश हे सगळं घरीच केलं.

गेल्या रविवारी पहिल्यांदा ट्रॅकवर नेली. पाच फेऱ्या स्वप्नासारख्या गेल्या. सहाव्या फेरीला लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल थेट खाली टेकलं. दोन-तीनदा पंप केल्यावर थोडं वर आलं, तोवर गाडी वळणाबाहेरच्या खडीत रुतली होती. कुणाला काही झालं नाही, गाडीलाही ओरखडा नाही. पण ते अर्धं सेकंद अजून पायात आहे.

तासाभराने पेडल जवळजवळ पूर्ववत झालं आणि गाडी चालवतच घरी आणली. वर्षभर टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारं यंत्र) किटसाठी पैसे साठवतोय. मित्र म्हणतो, आधी मोठे कॅलिपर (पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणारा भाग) बसव. पॅड साधे, रस्त्यावरचे आहेत. ब्रेक ऑइल मी घेतल्यापासून बदललेलं नाही. सुरुवात कुठून करू?

वळणवेडा:

खडीत थांबलात हे नशीब. माझं मत: आधी ब्रेक मारायची पद्धत बघा. नवीन माणूस लांबून हलका ब्रेक धरून ठेवतो, त्यात डिस्कला गार व्हायला वेळच मिळत नाही. उशिरा, पण सरळ रेषेत जोरात दाबा आणि मोकळा सोडा. शेवटची फेरी ब्रेक न वापरता हळू काढा. पार्किंगला आल्यावर हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवा. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून ठेवले की पॅडचा थर तिथेच चिकटतो आणि मग पेडल थरथरतं.

ग्रीसचे_हात:

वळणवेडा यांचं बरोबर आहे, पण तीन वर्षांच्या जुन्या ब्रेक ऑइलला कुठलीच पद्धत वाचवणार नाही.

उघडं_छत, तुमच्या पेडलनेच तुम्हाला उत्तर दिलंय. पेडल दगडासारखं कडक आहे आणि गाडी थांबत नाही, तर पॅड त्याच्या तापमानाच्या पलीकडे गेला. पेडल खाली जातं आणि पंप केल्यावर वर येतं, तर ऑइल उकळलं. सिग्नलला उभे असताना पाय दाबून ठेवला आणि पेडल हळूहळू बुडत गेलं, तर मास्टर सिलिंडरचं (पेडलचा जोर ऑइलवर देणारा पंप) सील गेलं. आणि वळणावर कडेच्या उंचवट्यावरून गेल्यानंतर फक्त पहिलाच दाब खोल जात असेल, तर चाकाचं बेअरिंग हलवून बघा; सैल बेअरिंगमुळे डिस्क डोलते आणि पिस्टन मागे ढकलले जातात. तुमचं दुसरं लक्षण आहे, त्यात मला शंका वाटत नाही.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. रबरी नळ्यांतूनही थोडी आर्द्रता आत शिरते, डबीचं झाकण कधी उघडलं नाही तरीही. डॉट ४ दर्जाचं ताजं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत टिकायला हवं, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ५.१ ला हेच आकडे २६० आणि १८० आहेत. रस्त्यावर ऑइल सहसा १५५ च्या आसपास जात नाही, म्हणून तीन वर्षं काही कळलं नाही. उकळलं की कॅलिपरमध्ये वाफेचा बुडबुडा होतो. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, आणि तुमच्या पायाचा सगळा जोर तो बुडबुडा चेपण्यात जातो. गार झाल्यावर वाफेचं परत द्रव होतं आणि पेडल पुन्हा शहाण्यासारखं वागतं. सगळ्यात धोकादायक वेळ हीच. आत पाणी तेवढंच आहे, पुढच्या गरम ब्रेकला तेच होणार. ऑइल बदलेपर्यंत ती गाडी चालवू नका, कृपया.

आता टर्बोबद्दल. गाडी आणि तुम्ही मिळून १,०५० किलो धरा. १६० च्या वेगावरून ६० वर आणताना साधारण ८.९ लाख जूल ऊर्जा ब्रेकमध्ये उतरते. एवढ्या उष्णतेत अडीच लिटर थंड पाणी उकळतं, आणि इथे ती तीन-चार सेकंदांत चार डिस्कना गिळायची असते, त्यातही मोठा वाटा पुढच्या दोघींचा. टर्बो बसवून त्याच पट्ट्याच्या शेवटी १८० वर पोचलात, तर तीच ऊर्जा ११.७ लाख होते. वेग आठव्या हिश्श्याने वाढला, उष्णता मात्र जवळजवळ एक तृतीयांशाने. जे ब्रेक आज सहाव्या फेरीला हरले, ते तेव्हा तिसरीलाच हरतील.

मोठ्या कॅलिपरची घाई मी करणार नाही. गाडी शेवटी टायर थांबवतात. चाक लॉक होण्याइतका जोर तुमच्या मूळ ब्रेकमध्ये आहे. मोठी डिस्क उष्णता जास्त पोटात घेते, तिचा खरा फायदा तोच. शिवाय फक्त पुढचे पिस्टन मोठे केले की पुढच्या-मागच्या चाकांतला तोल बिघडतो आणि मागचे ब्रेक नुसते शोभेला उरतात. पुढे कधी करायचंच झालं तर १.८ लिटरच्या एमएक्स-५ चा पुढचा-मागचा पूर्ण सेट शोधा. तुमच्या पुढच्या डिस्क २३५ मिलिमीटरच्या, त्या २५५ च्या, आणि १४ इंची चाकात बसतात.

आता कामाचं. या गाड्यांवर माझी १४ वर्षं गेली आहेत आणि एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली म्हणून सांगते. माझ्या पहिल्या गाडीचे पॅड बदलायला पुढचं डावं चाक काढलं. फटीतून दिसणारा बाहेरचा पॅड सात मिलिमीटर शिल्लक, एकदम छान. दर वेळी मी टॉर्च मारून तोच बघत होते. कॅलिपर सोडवला तर आतला पॅड दोन मिलिमीटरवर, तोही तिरका, पाचरीसारखा घासलेला. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्यातली खालची पिन रबरी बुटाच्या (धूळ-पाणी अडवणाऱ्या टोपणाच्या) आत गंजून घट्ट बसली होती. कॅलिपर तिच्यावर सरकतच नव्हता, त्यामुळे आतला पॅड एकटा राबत होता. पिन हाताने फिरवून बाहेर आली तेव्हा तिच्यावर कोरड्या ग्रीसचा तपकिरी भुगा होता आणि रबराचा बूट फुगून मऊ पडलेला. आधीच्या कुणीतरी साधं पेट्रोलियम ग्रीस लावलं होतं. ते रबर खातं. पिनला सिलिकॉन ग्रीसच लावा, पातळ थर. साफ पिन दोन बोटांनी ढकलली की आत जायला हवी आणि सोडली की किंचित परत यायला हवी. त्या दिवसापासून मी पॅड चारही बाजूंनी मोजते आणि आकडे वहीत तारखेसकट लिहिते. आतल्या-बाहेरच्या पॅडमध्ये दोन मिलिमीटरहून जास्त फरक दिसला की पिन बाहेर.

तर चारही कॅलिपर उघडा. मागचे पिस्टन शिकंजा लावून दाबू नका. तुमच्या गाडीत हँडब्रेकची यंत्रणा पिस्टनच्या आतच आहे, दाबलात तर ती मोडते. कॅलिपरच्या मागे एक बोल्ट आहे, तो काढला की आत ॲलन कीची जागा दिसते; की फिरवून पिस्टन आत घ्या आणि पॅड बसल्यावर तसाच बाहेर आणा.

ऑइल सीलबंद डबीतलंच घ्या, अर्धी उघडी डबी कपाटातून काढू नका. डॉट ४ किंवा ५.१ चालेल. डॉट ५ अजिबात नको, ते सिलिकॉनचं असतं, नाव सारखं दिसतं म्हणून गल्लत होते. नवीन ऑइल भरत जुनं एकेका चाकातून बाहेर काढायचं, म्हणजेच ब्लीड करायचं; चाकांचा क्रम मॅन्युअलमध्ये बघा. पेडल दाबणाऱ्याला बजावून सांगा की पूर्ण खाली न्यायचं नाही, पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. मास्टर सिलिंडरच्या ज्या भागात सील कधी पोचत नाही तिथे गंज असतो. त्यावरून सील एकदा फिरलं की फाटलंच. पारदर्शक नळीतून आधी गढूळ तपकिरी येईल, मग फिकट पिवळं. पिवळं आल्यावरही दोन-चार दाब जास्त काढा, कॅलिपरच्या पोटात जुनं दडून बसतं. आणि रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, ते रंग उचलतं.

पॅड जास्त तापमान सोसणारे घ्या, पण निव्वळ शर्यतीचे नकोत. ते गार असताना चावत नाहीत आणि तुम्ही घरी चालवत येता.

शिट्टीवाला_टर्बो:

माझ्या १.६ ला गेली सहा वर्षं टर्बो आहे, आणि तरीही ताईंच्या बाजूने बोलतोय. उघडं_छत, टर्बो जरूर करा, तो आनंद वेगळाच आहे. पण यादी किटपुरती संपत नाही. १.६ चं डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटणारा गिअरचा संच) लहान आहे, वाढीव टॉर्कला ते कच्चं पडतं. मूळ कॉम्प्युटर हवा मोजायला झडपेचा मीटर वापरतो, त्याच्यावर बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) सांभाळणं कठीण. इंधन आणि स्पार्क दोन्ही हातात देणारा वेगळा कॉम्प्युटर लागतो.

शिवाय कूलिंग. हे इंजिन मुळात आडवं बसणाऱ्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांच्या घराण्यातलं. एमएक्स-५ मध्ये ते उभं फिरवून बसवलं, तेव्हा पाणी आत यायचं आणि बाहेर जायचं तोंड दोन्ही पुढेच आली. त्यामुळे सगळ्यात मागच्या चौथ्या सिलिंडरला पाण्याचा वाटा कमी मिळतो. टर्बोवाले थर्मोस्टॅट मागे नेऊन पाण्याचा मार्ग बदलतात तो यासाठी. आणि मूळ टेंपरेचर काट्यावर विसंबू नका, तो मध्यावर असाच चिकटून राहतो, हलतो तेव्हा उशीर झालेला असतो.

उघडं_छत:

सगळ्यांचे मनापासून आभार. टर्बोचे पैसे बाजूला ठेवले. काल आणि आज गाडी स्टँडवर होती.

ताई, तुम्ही लिहिलंत तसंच निघालं, फक्त चाक वेगळं. पुढचं उजवं: बाहेरचा पॅड ६ मिलिमीटर, आतला ३. वरची पिन मोकळी, खालची जाम. दोन तास गेले ती काढायला, बूट फाटला, नवीन मागवलाय. मी पण वही केली, पहिल्या पानावर हेच आकडे आहेत.

अडकलोय मागच्या डाव्या चाकाच्या ब्लीड निपलवर (कॅलिपरमधून जुनं ऑइल बाहेर काढायची छोटी पोकळ तोटी). हलतच नाही, आणि पान्याखाली कडा गोल व्हायला लागल्यासारख्या वाटल्या म्हणून थांबलो. गरम करून बघू का?

ग्रीसचे_हात:

थांबलात ते फार चांगलं केलंत. आच अजिबात नको, आत ब्रेक ऑइल आहे, ते पेटतं आणि सीलही जळेल. उघडा पाना बाजूला ठेवा, सहा कोनांचं सॉकेट घ्या, बारा कोनांचं नको. निपलच्या बुडाशी तारेच्या ब्रशने साफ करून गंज सोडवणारं तेल टाका आणि रात्रभर राहू द्या. सकाळी निपलच्या डोक्यावर छोट्या हातोडीने सरळ, हलके आठ-दहा ठोके. मग आधी कसायच्या दिशेला केसभर, आणि नंतर सोडवायच्या दिशेला. कट्ट असा आवाज येऊन सुटला तर सुटला. मऊ, रबरासारखा पिळवटल्यासारखा लागला तर लगेच हात काढा, तो तुटायच्या बेतात आहे. मग कॅलिपर उतरवून टेबलावर घेऊ.

सुटल्यावर ते तेल नीट पुसून मगच ब्लीड करा. आणि नवीन निपल जोडीने मागवा, उजवाही त्याच वयाचा आहे.