रात्रपाळीच्या आठवड्यात भूक का भागत नाही?

येळ्ळूरचा फौंड्रीवाला:
नमस्कार. उद्यमबागेत फौंड्रीत मोल्डिंगला आहे. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. दिवसपाळीत दोन भाकरी, उसळ आणि शेंगाची चटणी खाल्ली की संध्याकाळपर्यंत खाण्याची आठवणसुद्धा येत नाही. खरं रात्रपाळीत तोच डबा पुरत नाही. दोन वाजले की बिस्किटचा पुडा, गोड चहा, कुणी कुंदा आणला तर तोही. सकाळी साडेसातला घरी येऊन परत ताटभर भात-आमटी. दहाला झोपतो, पत्र्याचं घर, दीडला घामानं जाग. वर्षात सात किलो वजन वाढलंय. आई म्हणते, जिभेला आवर घाल. भूक खरीच लागते हो. असं का होतं?

शहापूरची सिस्टर:
दादा, भूक खरीच आहे, मनाला लावून घेऊ नका. मी बावीस वर्षं वॉर्डात रात्रपाळ्या केल्या, पहाटे तीनची ती ओढ मला ठाऊक आहे.

जठरातून घ्रेलिन सुटतं, ते भूक लावतं. चरबीतून लेप्टिन येतं, ते मेंदूला 'पुरे' म्हणतं. २००४ साली शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी १२ तरुणांना दोन रात्री चारच तास अंथरुणात राहू दिलं. दहा तासांच्या रात्रींशी ताडून पाहिलं तर लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलेलं, घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढलेलं. शरीराला मिळणारी ऊर्जा दोन्ही वेळा सारखीच होती, तरी भूक वाढली, आणि ती गोड, खारट, पिठूळ खाण्याची जास्त. तुम्ही साडेतीन तास झोपताय. बिस्किटचा पुडा कुठून आला ते बघा.

दुसरं, रात्री रक्तात मेलाटोनिन, म्हणजे शरीराला 'रात्र झाली' सांगणारं संप्रेरक, असतं तेव्हा स्वादुपिंड इन्शुलिन कमी सोडतं. दुपारी खाता तेवढीच भाकरी रात्री दोनला खाल्ली तर साखर जास्त चढते, उतरायलाही वेळ लागतो.

वडगावचे मागवाले काका:
बाळा, मी तीस वर्षं रात्री माग चालवला. पोटभर जेवण घरातून निघायच्या आधी, आठ वाजता. रात्री फक्त फुटाणे, दोन उकडलेली अंडी, ताक. दोननंतर चहा बंद, नाहीतर सकाळी डोळा लागत नाही. घरी आलं की वाटीभर नाचणीची आंबील घेऊन लगेच आडवं व्हायचं. तू दहापर्यंत कशाला जागतोस? पत्र्यावर पोती टाकून पाणी मारायचो, खिडकीला बायकोचं काळं लुगडं. घरच्यांनी दळण-भांडी दुपारनंतर करायची, हे घरात बोलून ठरव. आमच्या घरात ते ठरायलाच दोन वर्षं गेली, तोवर मी नुसता चिडचिड करायचो.

येळ्ळूरचा फौंड्रीवाला:
काका, सोमवारपासून रात्रपाळी आहे, पोती आजच आणतो. आंबीलमध्ये गूळ चालेल?

शहापूरची सिस्टर:
ताक-मीठ घालून घ्या. आणि दादा, साखर तपासून घ्याच. उपाशीपोटीची तपासणी दिवसपाळीच्या आठवड्यात करा. रात्री खाऊन सकाळी रक्त दिलं तर तो आकडा धरता येत नाही. तीन महिन्यांच्या सरासरीची मात्र कधीही करता येते. आईला सोबत न्या, डॉक्टरांकडूनच तिला ऐकू दे.