दुसऱ्या भाषेतून शिकणारी मुलं: परीक्षेत नेमकी कोणती सवलत द्यायची?

खडूफळा: आठवीला विज्ञान शिकवते. वर्गातल्या सहा मुलांची घरची भाषा वेगळी आहे. शाळेच्या माध्यमाची भाषा ती दोन-अडीच वर्षांपासूनच शिकताहेत. मधल्या सुट्टीत सफाईने बोलतात, पण पेपरात 'कारणे द्या' कोरं सोडतात. जादा वेळ दिला, काही फरक पडला नाही. प्रश्न सोपे केले तर बाकीच्यांवर अन्याय होईल का?

प्रश्नपेढी: मैदानावरच्या बोलण्यावरून अंदाज बांधू नका. द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी हा फरक 1979 मध्येच मांडला होता: रोजचं बोलणं साधारण दोन वर्षांत जमतं, अभ्यासाची भाषा वयाच्या बरोबरीने यायला पाच ते सात वर्षं लागतात. तुमची मुलं अपेक्षित टप्प्यावरच आहेत.

सोपी करायची ती प्रश्नाची भाषा, त्यातलं विज्ञान नाही. हा नेहमीच्या थाटाचा प्रश्न बघा: 'झाकलेल्या भांड्याच्या तुलनेत उघड्या भांड्यात ठेवलेल्या पाण्याच्या पातळीत कालांतराने होणाऱ्या घटीमागील कारण सोदाहरण स्पष्ट करा.' आता हाच असा: 'दोन भांड्यांत सारखंच पाणी आहे. एक भांडं झाकलं आहे, दुसरं उघडं आहे. दोन दिवसांनी उघड्या भांड्यातलं पाणी जास्त कमी झालं. असं का झालं? असंच दुसरं एक उदाहरण द्या.' काठिण्य तेवढंच राहिलं. एका वाक्यात एकच गोष्ट आली, 'होणाऱ्या घटीमागील' गेलं. उत्तरात 'बाष्पीभवन' हा शब्द मात्र हवाच. पारिभाषिक शब्दांना पर्याय देत बसू नका, पुढच्या इयत्तेत तेच लागणार आहेत.

असा पेपर सगळ्या वर्गाला द्या, म्हणजे अन्यायाचा प्रश्नच उरत नाही.

दोनभाषी: नुसत्या जादा वेळाने काय होणार? शब्दच अडला असेल तर मूल तेवढा वेळ कागदाकडे बघत बसतं. सोबत द्विभाषिक शब्दयादी द्या: धड्यामागे 15-20 शब्द, शाळेच्या भाषेच्या वर्णक्रमाने, शब्दासमोर फक्त शब्द. व्याख्या लिहिली की विज्ञानाच्या पेपरात उत्तरच फुटतं. यादी धड्याच्या पहिल्या दिवशी हातात पडली पाहिजे. परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा दिली तर शोधण्यातच वेळ जातो. यादी उघडायची सवय झाली की तासाला 15 मिनिटं जादा पुरतात.

एक खात्री आधी करा: मुलाला घरच्या भाषेत वाचता येतं का? अनेकांना फक्त बोलता येतं. त्यांच्यासाठी यादी बिनकामाची. नावं दिलेली आकृती द्या, प्रश्न मोठ्याने वाचून दाखवा.

खडूफळा: प्रश्न कळला तरी वाक्य लिहिताना अडतात, त्याचं काय?

प्रश्नपेढी: वाक्याचा सांगाडा द्या: '____ मुळे ____ होते, कारण ____.' लिहिण्याआधी दोन मिनिटं जोडीने बोलू द्या, घरच्या भाषेत बोलले तरी चालेल. तोंडी प्रश्न विचारल्यावर मनात पाचपर्यंत मोजा. शिक्षक बहुतेक वेळा एका सेकंदाच्या आतच पुढच्या मुलाकडे वळतात, आणि या मुलांचं वाक्य तेवढ्यात जुळत नाही. तपासताना विज्ञानाचे गुण वेगळे ठेवा. 'पाण्याचा वाफ होतो' लिहिणाऱ्याला बाष्पीभवन कळलेलं आहे, त्याचे गुण का कापायचे?

दोनभाषी: सवलती काढताना एकेक काढा. सांगाडा आधी, मग यादी, जादा वेळ सगळ्यात शेवटी. दोन-तीन चाचण्यांत मुलाने यादी उघडलीच नाही आणि उत्तरं टिकली, तर ती काढायला हरकत नाही. आणि एखादं मूल घरच्या भाषेतही सूचना विसरत असेल किंवा त्या भाषेत नीट शिकवूनही वाचन जमत नसेल, तर तिथे अडचण नुसती शाळेच्या भाषेची नसावी. त्याची तज्ज्ञांकडून वेगळी तपासणी करून घ्या, 'भाषा आली की सुधारेल' म्हणून थांबू नका.