स्लर्म २२.०५ वरून २३.११: डेटाबेस अपग्रेडची चाचणी कशी घ्यावी?

प्रश्न

नमस्कार. आमच्या क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या संगणकांवर) वापरकर्त्यांचे जॉब वाटून देणाऱ्या स्लर्मची २२.०५ ही आवृत्ती चालू असून ती २३.११ वर न्यायची आहे. अकाउंटिंगचा (वापराच्या हिशेबाचा) डेटाबेस मारियाडीबी या डेटाबेस सर्व्हरवर आहे आणि पर्ज (जुन्या नोंदी काढून टाकण्याची सोय) कधीच न लावल्यामुळे क्लस्टर सुरू झाल्यापासूनच्या सर्व जॉबच्या नोंदी त्यात साठलेल्या आहेत. नवा स्लर्मडीबीडी (या डेटाबेसचे काम पाहणारा स्लर्मचा प्रोग्राम) पहिल्यांदा सुरू होताच टेबलांची रचना स्वतःच बदलतो, हे माहीत आहे. पण त्याला किती वेळ लागेल हे समजल्याशिवाय वापरकर्त्यांना काय कळवावे, हा प्रश्न आहे. मध्ये २३.०२ घ्यावी लागेल का, आणि चालू क्लस्टरला धक्का न लावता चाचणी कशी घ्यावी?

उत्तर १

मधल्या आवृत्तीची गरज नाही. २३.११ ला मागच्या दोन मोठ्या आवृत्त्यांचा (२२.०५ आणि २३.०२) डेटाबेस थेट चालतो, २४.०५ वर जायचे असते तर मात्र मध्ये थांबावे लागले असते.

चाचणीसाठी कॉम्प्युट नोड (प्रत्यक्ष जॉब चालवणारी मशीन) लागत नाहीत. एका वेगळ्या मशीनवर मारियाडीबीची तुमच्याकडे आहे तीच आवृत्ती बसवावी, मायएसक्यूएलडम्पने 'सिंगल ट्रान्झॅक्शन' पर्याय देऊन पूर्ण डंप (डेटाबेसची फाइलरूपी प्रत) घ्यावा आणि तो तिथे भरावा. डिस्क आणि मेमरी मूळ सर्व्हरसारखी नसेल, तर मोजलेल्या वेळेला फारसा अर्थ राहत नाही. इनोडीबीचा (मारियाडीबीच्या साठवण यंत्रणेचा) बफर पूल, म्हणजे डेटासाठी राखलेली मेमरी, मूळच्या १२८ एमबीवर राहिला असेल, तर तो आधी वाढवावा, आणि लॉकसाठी थांबण्याची मर्यादा ५० सेकंदांवरून ९०० करावी. नवा स्लर्मडीबीडी सिस्टमडीमार्फत (लिनक्समधील सेवा सुरू-बंद करणाऱ्या यंत्रणेमार्फत) सुरू न करता टर्मिनलवर हाताने चालवावा, कारण रूपांतर लांबले की सिस्टमडी त्याला वेळ संपला म्हणून मध्येच मारून टाकू शकतो, आणि अर्धवट रूपांतरित डेटाबेस निस्तरणे हे भलतेच किचकट काम आहे.

उत्तर २

वरील सल्ल्यात एक महत्त्वाची भर घालतो. डंपमधल्या क्लस्टर टेबलात चालू स्लर्मसीटीएलडीचा (क्लस्टरच्या मुख्य कंट्रोलरचा) पत्ता आणि पोर्ट जसेच्या तसे येतात. चाचणीच्या मशीनवर एखादे असोसिएशन (वापरकर्ता, खाते आणि क्लस्टर यांच्या जोडणीची नोंद) बदलून पाहिले, तर तिथला स्लर्मडीबीडी तो बदल खऱ्या कंट्रोलरला कळवायला जातो. म्हणून स्लर्मडीबीडी सुरू करण्याआधी त्या दोन रकान्यांतील मूल्ये काढून टाकावीत, मंज की (स्लर्मच्या भागांना एकमेकांची ओळख पटवणारी गुप्त किल्ली) वेगळी ठेवावी आणि फायरवॉलही लावावी.

रूपांतरानंतर फक्त लॉग पाहून समाधान मानू नये. सरत्या वर्षाचा एसरिपोर्ट या स्लर्मच्या कमांडचा वापर-अहवाल आणि असोसिएशनची पूर्ण यादी आधी व नंतर काढून डिफने (फरक दाखवणाऱ्या कमांडने) ताडून पाहावी.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. प्रत्यक्ष अपग्रेडच्या वेळी चालू जॉब थांबवावे लागतील का? आणि आधी पर्ज करून टेबले लहान करून घेणे बरे का?

उत्तर १

जॉब थांबवावे लागत नाहीत. स्लर्मडीबीडी बंद असताना स्लर्मसीटीएलडी नोंदी स्वतःकडे रांगेत धरून ठेवतो. या रांगेची मर्यादा मॅक्सडीबीडीएमएसजीज या सेटिंगने ठरते आणि ती मुळात किमान १०,००० असते. लहान लहान जॉबचे मोठे ॲरे (एकदम टाकलेले जॉबचे गट) चालत असतील, तर ती पाहता पाहता भरते. चाचणीत मोजलेला वेळ इथे उपयोगी पडतो: तेवढ्या वेळात किती नोंदी येतात ते पाहून मर्यादा आधीच वाढवावी आणि रूपांतर चालू असताना एसडायग या स्लर्मच्या कमांडमध्ये डीबीडी एजंटच्या रांगेचा (स्लर्मडीबीडीकडे पाठवायच्या नोंदींचा) आकडा पाहत राहावे. जुना २२.०५ चा स्लर्मसीटीएलडी नव्या स्लर्मडीबीडीशी बोलू शकतो, त्यामुळे बाकीचे डीमन (पार्श्वभूमीत चालणारे प्रोग्राम) दुसऱ्या दिवशी बदलले तरी चालते.

पर्जचे म्हणाल, तर सगळ्या जुन्या नोंदी एका दमात काढू नयेत, कारण ते कामच टेबले दीर्घकाळ अडवून धरते. सर्वांत जुन्या महिन्यांपासून सुरुवात करून नोंदी ठेवण्याची मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणावी आणि तेही अपग्रेडच्या काही आठवडे आधी. प्रत्यक्ष अपग्रेडच्या वेळी स्लर्मडीबीडी बंद केल्यावर ताजा डंप घ्यायला विसरू नका; रूपांतर झालेला डेटाबेस जुन्या आवृत्तीला चालत नाही, त्यामुळे परतीचा मार्ग तेवढाच आहे.