अंदमान: सहा रात्री, एक कुरकुरता गुडघा आणि खेकड्यांचं वेड

जास्वंद

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत अंदमानला जायचं घाटतंय. मी, नवरा, दहा वर्षांची लेक आणि माझी आई. आई ६८ वर्षांची आहे, एक गुडघा कुरकुरतो, पण सपाटीवर तासभर आरामात चालते. सहा रात्री हातात आहेत. विमानाची तिकिटं अजून काढलेली नाहीत.

एजंटने पाठवलेला कार्यक्रम वाचूनच दमायला झालं. सकाळी एक ठिकाण, दुपारी दुसरं आणि मधल्या वेळात ‘वॉटर स्पोर्ट्स’. सेल्युलर जेल बघणारच आहोत, त्याबद्दल काही विचारायचं नाही. बाकीच्या दिवसांत आम्हाला जंगलातून चालायचंय आणि प्रवाळ बघायचेत. लेकीला खेकडे, शंख, गोगलगायी असलं काहीही चालतं. जेट स्की कुणालाच नको.

हॅवलॉक आणि नील ही दोन्ही बेटं करावीत का? बारातांगच्या गुहांसाठी पहाटे तीनला उठणं सार्थकी लागतं का? आणि नीलचा तो नैसर्गिक दगडी पूल खरंच बघण्यासारखा आहे का? फोटोत सुरेख दिसतो, पण माझी एक मैत्रीण म्हणाली, “काही नाही गं तिथे, नुसतं पाणी.”

उनाडपाऊल

बारातांग चुकवू नका! खारफुटीतून स्पीडबोट जाते तेव्हा दोन्ही बाजूंची झाडं डोक्यावर मिटतात, अक्षरशः हिरवा बोगदा. पुढे सव्वाएक किलोमीटर चालून चुनखडीच्या गुहा. चिखलाच्या ज्वालामुखीकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नका. कढईत पिठलं रटरटावं तसा एखादा बुडबुडा येतो, तोही त्याच्या मर्जीने.

खाडीकाठ

जास्वंदताई, मैत्रीण खोटं बोलत नाहीये. ती भरतीला गेली असणार. मीही तसाच गेलो होतो, आणि माझी चूक जास्त लाजिरवाणी, कारण माझं सगळं बालपण खाडीच्या काठावर गेलंय.

आमच्याकडे भरतीची वेळ काढायला कागद लागत नाही. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं. द्वितीया असेल तर दीडला भरती, म्हणजे सकाळी साडेसातच्या सुमाराला सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. आम्ही नीलला होतो तेव्हा पौर्णिमेनंतरची द्वितीया होती. हॉटेलातल्या पोराने विचारलं, “अंकल, पानी का टाइम देखा?” मी त्यालाच गणित शिकवलं. साडेनऊला लक्ष्मणपूरच्या दोन नंबर किनाऱ्यावर पोचलो, तर कमानीचे पाय पाण्यात आणि लाटा खडपावर, म्हणजे काठच्या खडकांवर, आपटतायत. तिथे त्या दिवशी भरती अकराच्या सुमाराला होती. गणित कोकणातलं आणि समुद्र अंदमानचा. बायको काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा फार ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी त्या पोराला विचारून उजाडता उजाडता गेलो. तोच किनारा ओळखू येईना. पाणी पार लांब गेलेलं, मधे सगळं मेलेल्या प्रवाळाचं खडबडीत पठार आणि त्यात शेकडो डबकी. पूल बघितला, छान आहे, पाच मिनिटांत बघून होतो. पुढचा दीड तास आम्ही त्या डबक्यांपाशी उकिडवे बसून काढला. एका डबक्यात काळी समुद्रकाकडी, माझ्या मनगटाएवढी जाड, वाळू गिळत आणि टाकत पडलेली. शेजारी दगडात रुतलेला मोठा शिंपला, त्याच्या ओठांचा रंग निळा की जांभळा ते ठरवता येईना. मी नीट बघायला वाकलो, माझी सावली त्याच्यावर पडली आणि तो झटकन मिटला. सावली बाजूला घेऊन वाट बघितली, तेव्हा कुठे परत हळूहळू उघडला. तुमच्या लेकीला तिथून उचलून आणावं लागेल, आत्ताच सांगून ठेवतो.

मुद्दा हा की अंदमानात ठिकाणांची यादी करून उपयोग नाही, पाण्याच्या वेळांची करायची. तिकिटं काढलेली नाहीत हे फार बरं झालं. आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा भरतीही मोठी आणि ओहोटीही खोल. पोर्ट ब्लेअरला दोन्हींत दोनेक मीटरचा फरक पडतो. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा पाणी जेमतेम हलतं आणि खडप नीट उघडं पडत नाही. वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे नियम आपलेच, घड्याळ तेवढं वेगळं. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टकं काढतो, त्यात पोर्ट ब्लेअर असतं. ते बघा आणि माझ्यासारखा शहाणपणा करू नका.

दोन पर्याय आहेत, पौर्णिमा किंवा अमावास्या. मी अमावास्या घेईन. हॅवलॉकला काळोख्या रात्री पाण्यात हात फिरवला की निळसर ठिणग्या उडतात. सूक्ष्म जीव असतात ते, पाणी हललं की चमकतात. चांदणं असलं की ते जवळजवळ दिसतच नाही. रात्री कयाकमधून खारफुटीत नेतात. आईंनी काठावरून बघितलं तरी चालेल, नवऱ्याला मात्र वल्हवू दे.

दोन्ही बेटं करा, पण प्रत्येकी दोन-दोन रात्री राहून. सकाळच्या बोटीने येऊन दुपारच्या बोटीने परत, असलं नील करण्यात अर्थ नाही. ओहोटी तुमच्या बोटीसाठी थांबत नाही. नील छोटं आहे, जेट्टीपासून सीतापूरचा किनारा पाचेक किलोमीटर. भाड्याच्या सायकली मिळतात, आईंसाठी रिक्षा. एक गंमत बघा. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांनी ही गावं वसवली. नीलवर सगळं रामायण: रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. आणि हॅवलॉकवर कृष्ण: राधानगर, गोविंदनगर, श्यामनगर. लेकीला नावांवरून बेट ओळखायला लावा, बोटीतला एक तास सुटेल.

हॅवलॉकला खोली घेताना एक लक्षात ठेवा. विजयनगरच्या बाजूला मुक्कामाची ठिकाणं पुष्कळ आहेत, पण तिथला समुद्र ओहोटीला इतका आत जातो की पोहायला पाणीच उरत नाही. लोक चिडतात. चिडायचं काय त्यात? बादली घेऊन खेकडे बघायला जावं आणि बघून झाले की तिथेच सोडावेत. पोहायचं तर राधानगर. तिथे कडेच्या खाडीकडे मात्र अजिबात जायचं नाही. मगरीचे इशारे देणारे फलक शोभेचे नाहीत, तिथे खाऱ्या पाण्यातली मगर खरीच असते. जीवरक्षक जिथे उभे असतात तेवढ्याच पट्ट्यात उतरा.

शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे, काहीही खिशात टाकू नका. प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि विमानतळावर सामान तपासतात. माझ्यापुढच्या रांगेत एका छोट्या मुलाची आख्खी पिशवी रिकामी केली. रडला बिचारा.

हो, तिकिटांवर नवी नावं दिसतील तेव्हा दचकू नका. हॅवलॉक २०१८ पासून स्वराज द्वीप, नील शहीद द्वीप, आणि पोर्ट ब्लेअर २०२४ पासून श्री विजयपुरम. बोलताना मात्र सगळे जुनीच नावं घेतात.

वेलदोडा

खाडीकाठकाकांनी बारातांगबद्दल लिहायचं टाळलं, म्हणून मी लिहिते. तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्या थांबवून ठेवतात आणि ताफ्याने सोडतात. वाटेत थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, काही द्यायचं नाही. मी गेले होते. आमच्या गाडीतला एक जण पूर्ण रस्ताभर काचेला नाक लावून “दिसले का, दिसले का” करत होता. गुहांबद्दल अवाक्षर नाही. परत आल्यावर मला स्वतःचीच लाज वाटली, कारण थोडीशी मीही बघतच होते. ज्याने त्याने ठरवावं, पण मुलीला घेऊन जाणार असाल तर आधी घरी बोला तिच्याशी.

उनाडपाऊल

वेलदोडा, मान्य. मी गेलो ते गुहांसाठीच, पण तो रस्ता टाळता आला असता तर बरं, असं मलाही वाटलं होतं. शिवाय पोर्ट ब्लेअरहून जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर, गुडघ्याला ते जडच. माझी शिफारस मागे घेतो. बुडबुड्यासकट.

जास्वंद

किती छान लिहिलंय सगळ्यांनी! बारातांग रद्द. त्या वाचलेल्या दिवसात काय करावं? आणि हॅवलॉकच्या एलिफंट बीचला म्हणे जंगलातून चालत जाता येतं. आईला जमेल का? तिथे हत्ती असतात का, हा लेकीचा प्रश्न.

खाडीकाठ

हत्ती आता नाहीत. लाकूडतोडीच्या कामासाठी आणले होते एके काळी. त्यांतला समुद्रात पोहणारा राजन हॅवलॉकलाच असायचा, तो २०१६ मध्ये गेला.

वाट राधानगरच्या रस्त्यावरून फुटते, दोनेक किलोमीटर. सुरुवातीला दाट जंगल, उंच सरळसोट झाडं, खाली पाचोळा. इथवर आईंना जमेल. शेवटच्या टप्प्यात खारफुटी येते आणि वाटेत गुळगुळीत मुळं आणि चिखल, तिथे कुरकुरता गुडघा रुसेल. तुम्ही तिघं चालत जा आणि आईंना जेट्टीवरून बोटीने पाठवा. एकटीने कंटाळा येईल म्हणत असतील तर नवऱ्याला सोबत द्या. दुपारी उशिरा निघू नका, तिथे फेब्रुवारीत साडेपाचच्या आतच सूर्य मावळतो आणि जंगलात त्याच्याही आधी अंधारतं. घड्याळ आपलंच, पण बेट इतकं पूर्वेला की दिवस लवकर सुरू होतो आणि लवकर मिटतो. सकाळी साडेपाचला उठणाऱ्याची चंगळ, आठला उठणाऱ्याचा अर्धा दिवस गेलेला.

किनाऱ्यावर पांढरी पडलेली, आडवी झालेली मोठमोठी झाडं दिसतील. ती २००४ च्या त्सुनामीची खूण. पाण्यात उतराल तेव्हा एकच करा, ऐन ओहोटीला उतरू नका. इथे खडपाच्या उलट हिशोब. पाणी कमी असलं की लोक दमून उभे राहतात, आणि उभे राहतात ते प्रवाळावर. पाण्याला थोडी खोली असताना तरंगत बघायचं.

वाचलेल्या दिवसात वांडूरहून जॉली बॉय. १९८३ पासूनच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातलं बेट आहे, तिथे मुक्काम नाही, टपरी नाही, प्लास्टिक नाही. परवानगी वनखात्याकडून आधी काढावी लागते. सोमवारी बंद. वर्षातले काही महिने जॉली बॉय आणि काही महिने रेड स्किन असं आलटून पालटून खुलं ठेवतात, म्हणजे दुसऱ्याला विसावा. फेब्रुवारीत जॉली बॉय मिळेल. काचेच्या तळाच्या होडीतून आईंनाही प्रवाळ दिसतील, गुडघा न भिजवता.

संध्याकाळी चिडिया टापू. मुंडा पहाडची पायवाट दीडेक किलोमीटर, थोडी चढाची, पण मधेच बसायला हरकत नाही. दिगलीपूरचं नाव कुणी काढलंच, तर सॅडल पीक ७३२ मीटर, अंदमानातलं सर्वांत उंच शिखर. सुंदर आहे, पण सहा रात्रींत ते बसवू नका. शिवाय गाडीने जायचं तर तिथेही तोच जारवा रस्ता.

आणि वाळूतल्या बारीक माश्या. चावतात तेव्हा कळत नाही, रात्री कळतं. खोबरेल तेल पायाला चोपडून बसा, पायजमा लांब घाला.

जास्वंद

काका, एक अडचण. आईला म्हटलं पंचांग काढ, अमावास्या कधी आहे बघ. तिने कारण विचारलं, मी सांगितलं. आता म्हणते, “अमावास्येला घराबाहेर पडायचं? तेही समुद्र ओलांडून? आणि होडीत बसायचं? तुझा तो काका कोण आहे?”

खाडीकाठ

त्यांना सांगा, काकाची आईही हेच म्हणायची.

तोडगा आहे. द्वादशीला घरून निघा, त्यात कुणाचं काही म्हणणं नसावं. त्रयोदशीला वांडूर, मधे सोमवार येत नाही ना तेवढं बघा. चतुर्दशीला हॅवलॉकची बोट. अमावास्येला कुठलाच प्रवास नाही, दिवसभर राधानगरच्या झाडांखाली बसायचं, रात्री तुम्ही दोघांनी कयाक, आई आणि लेक काठावर. प्रतिपदेला नील. आणि खरं मोठं उधाण अमावास्येला नसतंच, एक-दोन दिवसांनी येतं. म्हणजे द्वितीयेला पहाटे, चहाच्या आधी, तुम्ही लक्ष्मणपूरला. चपला नकोत, मागे पट्टा असलेले सँडल घाला, ते प्रवाळ सुरीसारखं कापतं. आईंना वाळूवर खुर्ची मिळाली तर बघा, नाहीतर घडीचा स्टूल इथूनच न्या.

जास्वंद

द्वादशी मंजूर झाली. स्टूल ती स्वतःच निवडणार आहे.