बर्मी जेवण चांगलं, वाढप ढिसाळ: किती चालवून घ्यायचं?

रानभाजी

शनिवारी रात्री आम्ही चौघं पुण्यातल्याच एका बर्मी रेस्टॉरंटमध्ये जेवलो. फार महागडं नाही, साधी लाकडी टेबलं, घरच्या कपड्यांत उठून जावं असं. नाव देत नाही, कारण मला त्या एका जागेला झोडपायचं नाहीये. एक मुद्दा डोक्यात बसलाय, त्यावर तुमची मतं हवी आहेत.

जेवण चांगलं होतं, हे आधी सांगते. खाऊस्वे म्हणजे रश्शातल्या नूडल्स; त्याचा रस्सा नारळाच्या दुधाचा, बेसन लावून दाट केलेला, तरी जड नाही. शान टोफू बऱ्याच जणांना सोयाबीनचा वाटतो. तो हरभऱ्याच्या पिठाचा असतो, हळद-मीठ घालून घोटायचा आणि थापून गार करायचा, म्हणजे आपल्या पाटवडीच्याच घराण्यातला. तळलेला होता, बाहेरून कुरकुरीत आणि आत अगदी मऊ. ज्याने केला त्याला स्वयंपाक कळतो.

आता वाढप. खाऊस्वे मागवलं तर आधी नुसता रस्सा आला. मग नूडल्स. तळलेला लसूण, कांदा, शेंगदाणे, तिखट, लिंबू या वरून घालायच्या वाट्या आल्या त्यानंतर बऱ्याच वेळाने, तोवर रश्शावर साय धरली होती. चहाच्या आंबवलेल्या पानांचं सॅलड, लाफे, तर डोळ्यांदेखत दोन तऱ्हांनी वाढलं गेलं. शेजारच्या टेबलावर एक मुलगी मोठी थाळी घेऊन आली. मधे पानं, भोवती तळलेल्या डाळी, तीळ, शेंगदाणे, टोमॅटो, कोबी. कशाचा ढीग कुठला ते तिने सांगितलं, लिंबू पिळलं, दोन चमच्यांनी सगळं त्यांच्यासमोर कालवलं. आमच्याकडे तेच सॅलड आतूनच कालवून आलं. कोबीला पाणी सुटलेलं, डाळी मऊ पडलेल्या. दर दोघांनाही एकच. टोफू आला तेव्हा आम्ही गोड खात होतो. आणि बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्ज.

असल्या जागेबद्दल सगळे एकच म्हणतात: ‘जेवण मस्त आहे, सर्व्हिसकडे बघू नका.’ मला हे पटत नाही. बर्मी जेवणात वाढप स्वयंपाकातच मोडतं. कुरकुरीत आणि ओलं, गरम आणि आंबट हे ताटात एकाच वेळी भेटायला हवं, त्याच्यासाठीच तो पदार्थ आहे. ती वेळ चुकली तर शेफने केलेला पदार्थ गिऱ्हाइकाने खाल्लाच नाही.

चहाटळ

ताई, साय धरली हे वाईट झालं, पण तुम्ही मागताय ते पंचतारांकितचं वाढप. साधं, आटोपशीर हॉटेल आहे, शनिवारची रात्र आहे, पोरं विशी-बाविशीतली आहेत.

आपल्याला बर्मा म्हणजे काय माहीत? लोकमान्य १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते आणि ‘गीतारहस्य’ तिथे लिहिलं, हे शाळेत शिकलो. रत्नागिरीला सहल गेली तर थिबा पॅलेस बघितला, ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला इंग्रजांनी तिथे आणून ठेवलं हे कळलं. माणसं जेवतात काय, हे कुणी सांगितलंच नाही. आज कुणीतरी ती पानं मागवून, नीट करून, परवडेल अशा दरात पुण्यात खाऊ घालतंय. अशा जागेवर पहिल्या वर्षी तुटून पडलो तर ती बंद पडेल आणि तिथे आणखी एक पिझ्झा येईल. मला साय धरलेलं खाऊस्वे चालेल, पिझ्झा नको.

रानभाजी

पंचतारांकित कुठे मागितलं? शेजारच्या टेबलाला जे मिळालं तेवढंच मागतेय.

आणि गर्दीचं म्हणाल तर आपल्याकडे थाळीच्या हॉटेलांत रविवारी दुपारी जिन्यापर्यंत रांग असते. तरी वाटीतली आमटी संपायच्या आत वाढपी हजर. भाजीवाला, पोळीवाला, भातावर तूप घालणारा, सगळे फिरत असतात आणि कॅप्टन लांबून नुसत्या बोटांनी खुणा करतो. तीही पोरं विशी-बाविशीतलीच आहेत. त्यांना कुणीतरी शिकवलेलं असतं.

केओटी

मी बरीच वर्षं हॉटेलांत कॅप्टन होतो, बाणेर आणि कॅम्प दोन्हीकडे, म्हणून आतून काय होतं ते सांगतो.

ऑर्डर घेतली की केओटी, म्हणजे किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी, वेगवेगळ्या ठिकाणी निघते. रस्सा एकाकडे, नूडल्स उकळणारा दुसरा, वाट्या भरणारा थंड सेक्शनला तिसरा. तिघांचं तयार झालं की एका टेबलावर, ज्याला आम्ही पास म्हणतो, ते एकत्र जमतं आणि तिथून बाहेर जातं. पासवर एक शहाणा माणूस उभा लागतो. ‘बारा नंबरचा रस्सा थांबव, नूडल्स येऊ दे’ म्हणणारा. तो नसला की जे आधी तयार झालं ते रनर, म्हणजे टेबलापर्यंत नेणारा पोरगा, उचलतो आणि पळतो. तुमचा रस्सा असाच आला.

शनिवारी रात्री त्याच किचनवर अ‍ॅपच्या पार्सलचा मारा असतो. डिलिव्हरीवाला दारात उभा, त्याच्या मोबाइलवर मिनिटं सरकतायत, त्यामुळे पार्सल पुढे जातं. मग पासवरच्या माणसालाच पॅकिंगला लावतात. बाहेर बसलेल्या गिऱ्हाइकाला हे दिसत नाही, त्याला वाटतं पोरं आळशी आहेत.

सॅलडचंही तेच. ती मुलगी तिच्या सेक्शनची टेबलं सांभाळते. तिला शिकवलंय, किंवा तिने स्वतः शिकून घेतलंय. तुमच्या टेबलावरचा मुलगा कदाचित त्याच आठवड्यात लागला असेल. त्याला टेबलावर कालवायची भीती वाटते, म्हणून तो आतूनच कालवून आणतो. राग धरायचा तर मालकावर धरा. मेनूच्या फोटोवर खर्च केला, ट्रेनिंगवर नाही.

कोथरूडची सून

मी चहाटळ यांच्या बाजूने. आपण गिऱ्हाइकं कशी वागतो तेही बघा ना. सात पदार्थ एका दमात सांगायचे, त्यातले दोन कांदा-लसूण वगळून, एक ‘वन बाय टू’, एक कमी तिखट, मग ऑर्डर गेल्यावर त्यात बदल. लसूण नको म्हटलं तर बर्मी जेवणात उरतं काय? तळलेला लसूण आणि त्याचं तेल जवळपास सगळ्यात असतं. किचन तिथेच अडतं.

शिवाय ‘आम्हाला सगळं एकदम आणा’ हे एक वाक्य टाकलं असतं तर निम्मी तक्रार मिटली असती.

आणि मला त्याहून मोठी तक्रार जेवणाबद्दलच आहे, तिच्यावर कुणी बोलत नाही. मोहिंगा हा तिकडचा सकाळचा नाश्ता, माशाचा रस्सा. मागूरसारखा गोड्या पाण्यातला मासा, गवती चहा, केळीचा गाभा, तांदळाच्या शेवया. इथे शाकाहारी मेनूत तो मासा काढून देतात. माशाशिवाय मोहिंगा चालतो आणि वाट्या उशिरा आल्या तर चालत नाही?

आठो प्रेमी

कोथरूडच्या वहिनींचा माशाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण ‘सगळं एकदम आणा’ हे गिऱ्हाइकाने सांगायचं, हे अजिबात मान्य नाही. बर्मी घरात आधी सूप, मग स्टार्टर, मग मेन कोर्स असा प्रकारच नसतो. मधे भात, भोवती रस्से, कोशिंबिरी, पाला, चटण्या, सगळं एकदम मांडतात आणि सूप जेवताना मधून मधून पितात. आपलं ताट वाढतात तसंच की. ही पद्धत हॉटेलला माहीत हवी. पुणेकराने बर्मी माणसाला बर्मी पद्धत का शिकवायची?

नोकरीनिमित्त मी चेन्नईला होतो. तिथे बर्मा बाजारजवळ आठोच्या गाड्या लागतात. साठच्या दशकात ब्रह्मदेशातून जी तमिळ कुटुंबं परत आली त्यांनी हे खाणं आणलं. केशरी नूडल्स, कोबी, कांदा, चिंचेचं पाणी, लसणाचं तेल, तिखट, सगळं तो माणूस मोठ्या भांड्यात हाताने तुमच्यासमोर कालवतो आणि वर कुरकुरीत पुरी चुरून लगेच हातात देतो. सोबत केळीच्या गाभ्याचं गरम सूप, मागाल तितकं. रस्त्यावर उभं राहून खायचं, ना खुर्ची ना एसी. तरी एकही प्लेट मऊ पडलेली मिळत नाही. म्हणून ‘साधं हॉटेल आहे, चालवून घ्या’ हे मला कळत नाही. साध्या जागीच हे जास्त नीट होतं.

ब्रह्मदेशात यांगोनच्या चहाघरांत टेबलावर साध्या चहाचा थर्मास आधीच ठेवलेला असतो, फुकट. तोही वाढपाचाच भाग. काही महाग लागत नाही त्याला.

चहाटळ

आठोची गाडी एकच पदार्थ करते, दादा. चाळीस पदार्थांच्या मेनूशी तिची तुलना कशी होईल?

केओटी

होईल. मेनू चाळीसवरून अठरावर आणायचा. आठवड्यातले सहा दिवस मोकळं असतं म्हणून लांबलचक मेनू खपून जातो, शनिवारी तो अंगावर येतो. मी असतो तर शनिवार-रविवारी छोटा मेनू ठेवला असता आणि आठ ते दहा पार्सल बंद केलं असतं.

रानभाजी

वहिनी, माशाबद्दल: शाकाहारी म्हणून सांगूनच विकतात, मला आधी कळतं, मी ठरवते घ्यायचं की नाही. सॅलड कालवून येणार की समोर कालवणार हे मला कुणी सांगितलं नव्हतं. फरक तो आहे.

आता सर्व्हिस चार्ज. मी तो काढायला लावला. मॅनेजरने जरा तोंड वाकडं केलं, पण काढला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत: हॉटेलने सर्व्हिस चार्ज आपणहून बिलात जोडायचा नाही, दुसऱ्या नावानेही घ्यायचा नाही, देणं न देणं गिऱ्हाइकाच्या मर्जीवर. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या कायम ठेवल्या. जीएसटी वेगळा, तो द्यावाच लागतो. पण सर्व्हिस चार्ज बिलात धरला की त्याच्यावरही जीएसटी बसतो. हॉटेलने ऐकलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

कोथरूडची सून

नियम बरोबर आहे, पण त्या पोरांच्या पोटावर पाय कशाला? एवढ्या लांबून येऊन राहतात, पुण्यातलं खोलीभाडं काय झालंय माहीत आहे ना.

केओटी

वहिनी, सर्व्हिस चार्ज पोरांपर्यंत पोचतोच असं नाही. काही मालक सरळ वाटतात, काही फुटलेल्या काचेचे पैसे त्यातून कापतात, काही ठेवूनच घेतात. मी तिन्ही बघितलेत. ज्याने चांगलं वाढलं त्याच्या हातात टिप द्या. शेजारच्या टेबलावरच्या त्या मुलीला शंभर रुपये आणि ‘सॅलड छान कालवलंस’ एवढं मॅनेजरसमोर म्हटलं, तर पुढच्या शनिवारी बाकीची पोरं तिचं बघून शिकतील.

रानभाजी

हे पटलं. पुढच्या वेळी ती दिसली की देणार.

मालकाला मेल केलाय, दोन्ही टेबलांचं सविस्तर लिहून, केओटी यांचं पासवरच्या माणसाचं आणि छोट्या मेनूचं म्हणणंही घातलंय. कौतुकही मनापासून लिहिलंय. बर्मी लोकांत म्हण आहे: फळांत आंबा, मांसात डुकराचं, पानांत लाफे. पूर्वी तिकडे भांडण मिटलं की दोन्ही बाजूंनी मिळून लाफे खायची पद्धत होती. इतक्या मानाचा पदार्थ पाणी सुटलेल्या कोबीत येऊ नये, एवढंच मागणं आहे. पाचपैकी तीन तारे दिलेत. सुधारलं तर मी स्वतः जाऊन बदलीन.

चहाटळ

तीनाने नव्या जागेचं नुकसान होतं, हे माझं मत कायम आहे. मी चार देणार आणि तक्रार तोंडी सांगणार. मेलला उत्तर आलं तर मात्र इथे टाका.

आठो प्रेमी

मी दोन दिले असते. आणि मासा घातलेला मोहिंगा पुण्यात कुणी करत असेल, घरगुती ऑर्डरवर का होईना, तर कळवा.