नेक्स्टक्लाउडमध्ये थेट कॉपी केलेले फोटो दिसत नाहीत

प्रश्न : डेबियन १२ (एक लिनक्स प्रणाली) असलेल्या जुन्या संगणकावर मी नेक्स्टक्लाउड (स्वतःच्या संगणकावर चालवायची क्लाउड साठवण) बसवले आणि ब्राउझरमधून अपलोड करण्याचा कंटाळा आल्याने कुटुंबाचे सुमारे २०० जीबी फोटो आरसिंक या फाइली कॉपी करणाऱ्या साधनाने थेट त्याच्या डेटा फोल्डरमध्ये कॉपी केले. डिस्कवर फाइली आहेत, परंतु ब्राउझरमध्ये एकही दिसत नाही. काय चुकले असावे?

उत्तर १ : नेक्स्टक्लाउड फाइलींची यादी डेटाबेसमध्ये ठेवते, आणि तुम्ही मागच्या दाराने आणलेल्या फोटोंची तेथे नोंदच झालेली नाही. प्रथम त्या फाइलींची मालकी 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' या वापरकर्त्याकडे (वेब सर्व्हर ज्या नावाने चालतो ते खाते) द्यावी (कॉपी बहुधा रूटने, म्हणजे प्रशासक खात्याने, केली असणार), त्यानंतर त्याच वापरकर्त्याच्या नावाने ओसीसी या नेक्स्टक्लाउडच्या कमांड-लाइन साधनाची 'फाइल्स:स्कॅन' ही कमांड चालवावी. फोटो संबंधित खात्याच्या 'फाइल्स' या उपफोल्डरमध्येच असायला हवेत, एरवी स्कॅन करूनही ते सापडणार नाहीत.

उत्तर २ : सहमत आहे. मात्र बॅकअप घेताना केवळ डेटा फोल्डरवर थांबू नये. डेटाबेस आणि कॉन्फिग फोल्डरही घ्यावे आणि तेवढा वेळ मेंटेनन्स मोड (वापरकर्त्यांचे काम तात्पुरते थांबवणारी स्थिती) चालू ठेवावा.

प्रश्नकर्ता : मालकी रूटकडेच होती. ती बदलून स्कॅन केल्यावर सर्व फोटो दिसू लागले. आभारी आहे.